भोंगा उतरवला त्याची गोष्ट

नोएमी बतिस्ता मूळची समुद्राकाठची. डोंगरातल्या आमच्या लोमा दे ग्वामो गावात ती परिचारिका म्हणून आली, तेव्हा तिच्याकडे एक पेटी होती आणि तोंडाला टाळा कसा तो नव्हता. गावाला ती लगेच आवडली. दवाखान्याच्या खोल्या दोनच, त्यामुळे लोक बाहेर आंब्याखाली बसत आणि नोएमी दारातून एकेकाचं नाव पुकारी. संध्याकाळपर्यंत तिचा घसा पार बसून जाई.

म्हणून तिनं भोंगा घ्यायचं ठरवलं. दर रविवारी चीज घातलेलं कोनफळाचं कालवण रांधून चौकात विकलं. गावानं बोटं चाटत खाल्लं. पैसे कशासाठी जमताहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण नको असं एकानंही म्हटलं नाही. कुणी प्रेमानं काही आणत असेल तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. आणि त्या जुन्या दिवसाबद्दल तर कुणी बोलतच नाही.

भोंगा छपरावर चढला आणि आंब्याखालची गर्दी ओसरायला लागली. नोएमीला वाटलं, शेतात कामाचे दिवस आहेत.

"छे गं! सगळं गाव एकाएकी निरोगी झालंय," डॉक्टर रेनाल्दो म्हणाले. "तुझ्या कालवणाचा गुण!" डॉक्टर तरुण, शहरातले, थट्टेखोर, पण कामाला पक्के.

नोएमीला खरी काळजी होती एउदोसिया तेरानची. म्हातारीला साखरेचा आजार, त्यात टाचेला जखम. पट्टी वेळेवर बदलली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तरी ती येईनाशी झाली. मग एका सकाळी नोएमीला ती आंब्याखाली बसलेली दिसली. नोएमी खुशीत येऊन भोंग्यात बोलली, "एउदोसिया तेरान!"

म्हातारी ताडकन उठली. आणि दवाखान्याकडे यायचं सोडून लंगडत लंगडत थेट फाटकाबाहेर गेली. एक चप्पल झाडाखालीच राहिली.

दुपारी नोएमी ती चप्पल आणि पट्ट्या घेऊन तिच्या घरी गेली. चांगलीच तणतणत गेली. म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"काय मावशी, पाय नकोसा झालाय का?"

"बस आधी. कॉफी घेशील?"

नोएमीनं चप्पल खाली ठेवली आणि शेंगा सोलायला घेतल्या. एरवी तिनं एव्हाना गावभरच्या बातम्या सांगितल्या असत्या. पण म्हातारीची नजर शेंगांवरून वर येईना, तेव्हा तिनंही नुसत्या शेंगा सोलल्या. टोपली अर्धी झाल्यावर म्हातारी आपणहून बोलली.

"त्या दिवशी चौकात असाच भोंगा लावला होता. बंदूकवाल्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि त्यातून नावं घ्यायला लागले. नाव आलं की पुढे व्हायचं. माझ्या लेकानं, एलिआबनं हात वर केला गं. मीच शिकवलं होतं त्याला. शाळेत लाजायचा, तेव्हा सांगितलं होतं, नाव घेतलं की हात वर करून 'हजर' म्हणायचं."

नोएमीच्या जिभेवर प्रश्नांची रीघ लागली. कधी, कोण, पुढे काय झालं. तिनं सगळे गिळले.

"आज पट्टी इथेच बदलू का, मावशी?"

"आज नको."

"बरं."

जखम डोळ्यांना दिसत असताना ते 'बरं' म्हणायला तिला किती जड गेलं असेल!

दवाखान्यात परतल्यावर तिनं डॉक्टरांना म्हातारीची हकीकत सांगितली नाही. ती हकीकत नोएमीची नव्हती. एवढंच म्हणाली, "भोंगा उतरवायचाय. या आवाजाची गावाला भीती बसलीय."

"मग लोकांना बोलवायचं कसं?"

"बोलवायचंच नाही. खाटकाच्या दुकानात कोण नावं पुकारतं? आलेला माणूस विचारतो, 'शेवटचं कोण?' आणि त्याच्यामागे नंबर लावतो. इथेही तसंच करू."

डॉक्टरांनी डोकं खाजवलं आणि स्वतःच शिडी आणली. भोंगा गावातल्याच ओव्हिदिओच्या गाढवावर लादला आणि नोएमीनं मुद्दाम भर दिवसा, सगळ्यांना दिसेल असा, एउदोसियाच्या दारावरून नेला.

"कुठं चाललाय हा?" लोक विचारत.

"माझ्या कोंबड्यांकडे," ओव्हिदिओ सांगे. "अंडी घालतील त्यात."

"म्हणजे एवढं कालवण वाया गेलं म्हणा!"

"तुझ्याच पोटात गेलं ना? मग वाया कसं?" नोएमी म्हणाली.

हसली खरी, पण नंतर रोज सकाळी तिचे डोळे फाटकाकडे. निरोप धाडावा असं दहादा मनात आलं, धाडला नाही. शेवटी एका सकाळी म्हातारी आली. आंब्याखाली उभी राहून तिनं खणखणीत विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी, मावशी," ओव्हिदिओ म्हणाला. "पण तुम्ही जा पुढे, पाय दुखत असेल."

"का म्हणून? माझी पाळी आली की जाईन. तू तुझा खोकला सांभाळ."

आत आल्यावर नोएमीनं विचारलं, "दार लावू की उघडं ठेवू?"

"अर्धं."

"बरं. खुर्ची अशी फिरवते, म्हणजे दार तुमच्यासमोर राहील. आता मी जुनी पट्टी सोडणार. दुखलं तर लगेच हात व…"

ती मध्येच थांबली. जीभ चावली.

"दुखलं तर माझ्या खांद्यावर थाप मारा. मी थांबेन."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं आणि फाडकन थाप मारली.

"अहो मावशी, अजून हात कुठे लावलाय मी!"

"बघत होते, थांबतेस का."

नोएमी खरंच थांबली होती. दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली. मग म्हातारीनं आपला पाय आपणच उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

पाय वाचला. नोएमीचा खांदा मात्र अजून मार खातो. हल्ली आंब्याखालचा जो तो तिची ही परीक्षा घेतो.