रूथताईंच्या कंदिलावरची चित्रं

शेजारणीच्या नाताळच्या कंदिलाला मी हात लावला, ही माझी घोडचूक. आज नातीनं कागद चिकटवायला पिठाची खळ शिजवली आणि त्या वासानं माझा माझ्यावरच संताप झाला.

तेव्हा जुन्नरला मी नवी नवरी. शेजारच्या रूथताई दर नाताळला वडिलांनी रंगवलेली चिमुकली चित्रं कंदिलावर लावायच्या. गाय, मेंढपाळ, गव्हाणीतलं बाळ. वडील त्याच वर्षी वारले होते. आमच्या दिवाळीच्या कंदिलासारखा कागद ताठ व्हावा म्हणून मी शहाणीनं चित्रांवरूनच ओली खळ फासली. बाळाचा चेहरा ओघळून गेला. वर मीच खेकसले, “असले कच्चे रंग वापरावेत कशाला?” काय भवानी होते मी!

रूथताईंनी ब्रश माझ्यापुढे धरला. मग म्हणाल्या, “वहिनी, वरडून झालं असंल तर ब्रश घ्या. बाबा आता न्हाईत. बाळाचं तोंड तुमीच रंगवा.”