मी न प्यायलेलं पाणी

टाकव्याच्या रस्त्याला एक कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या आवारात इंधनाच्या टाक्या पुरलेल्या होत्या. पुढे टाक्या काढल्या. पण झिरपलेलं डिझेल कातळाच्या भेगांतून कुठवर गेलंय ते बघायला तिथे पाच बोअर मारल्या. त्यांतलं पाणी मोजायचं आणि खालच्या वाडीतल्या विहिरीचा नमुना घ्यायचा, हे माझं काम. अकरा वर्षं मी ते केलं, आणि वाईट केलं.

पहिल्या वर्षी मे महिन्यात गेलो होतो. बोअरमध्ये पारदर्शक नळी सोडून वर काढली, तर पाण्यावर दोन बोटं डिझेल. अहवाल गेला आणि महिनाभर मालकांचे, कचेऱ्यांचे फोन थांबेनात. पुढच्या वर्षी घरच्या कामात उशीर झाला, गणपती उठल्यावर गेलो. पाणी चांगलं वर आलेलं, नळीत नुसती चकाकी. डिझेल कुठे गेलं नव्हतं. पाणी चढलं की ते भेगांत अडकून बुडून राहतं, पाणी उतरलं की पुन्हा दिसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी नंतर दर वर्षी मी गणपतीनंतरच गेलो. कुणी धाक घातला नाही, कुणी पाकीट दिलं नाही. फोन येईनासे झाले, एवढंच.

विहिरीला लागूनच एका म्हातारीचं घर. नमुना भरला की ती तांब्या पुढे करायची.

“घ्या सायेब, पानी.”

“नको मावशी, बाटली आहे.”

“बाटलीतलं लय ग्वाड लागतंय जनू!”

तिची सून हसायची, मीही हसायचो. एकदा सून म्हणाली, “उन्हाळ्यात पान्याला वास मारतो, राकेलवानी.”

“मोटरचं तेल गळत असेल,” मी म्हटलं.

“मोटर? आमी पोहऱ्यानं शेंदतो की!”

मी बाटल्यांची पेटी उचलली आणि निघालो. वाडीबाहेरचा चढ चढताना मागे बघितलं नाही, हे अजून आठवतं.

यंदा मालकांचं पत्र आलं: हा अहवाल शेवटचा. पाणी स्वच्छ निघालं तर बोअर सिमेंटने बुजवायच्या आणि काम बंद. म्हणजे यापुढे तिथे कुणी मोजायलाच येणार नव्हतं. तारीख नेहमीप्रमाणे माझ्यावर सोडलेली. मी मे महिना धरला. लोणावळ्याहून वडगाव, तिथून टाकव्याची बस. कारखान्यात न जाता आधी वाडीत गेलो.

“आवंदा लवकर?” म्हातारीने विचारलं.

“मावशी, विहिरीचं पाणी पिऊ नका. मला पहिल्यापासून माहीत होतं.”

ती चिडली नाही. पदराने हात पुसत म्हणाली, “आमी कुटं पितो? पयल्या वर्साला तुमी तांब्याला हात लावला न्हाई, तवाच म्या वळखलं. पान्याचं काम करतोय अन् पानी पीत न्हाई. तवापासनं प्यायला वरल्या झऱ्यावरनं हंडे आनतो, हिरीचं निस्तं धुन्याला. तांब्या म्होरं करायची ते तुमी घेताय का बगायला.”

“आणि बाकीची घरं?”

“सांगितलं की. पर त्यांच्याकडं पंचायतीतनं आलेला तुमचा कागद हाय ना, पानी चांगलं म्हून! त्या कागदाम्होरं माजं कोन आयकतंय?”

 मी म्हटलं, “कागदवाल्यांना बोलवा.”

सात-आठजण आले. फाटकाची किल्ली माझ्याकडेच होती. त्यांच्यासमोर नळी सोडली, वर काढली, उन्हात धरली. तीन बोटं. वास आधी त्यांनाच आला.

“मंग इतकी वर्सं तुमी काय मोजत व्हता, सायेब?” एका बाप्याने विचारलं.

“पावसाचं पाणी,” मी म्हटलं. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

विहिरीचाही नमुना भरला. प्रयोगशाळेचे आकडे आले तसा अहवाल लिहिला, आणि आधीची मोजमापं कोणत्या महिन्यांत घेतली, का घेतली, ते खाली सहीनिशी लिहिलं. पुढे काम मिळेल न मिळेल. एक प्रत वडगावला तहसील कचेरीत दिली, पोच घेतली. दुसरी वाडीत जाऊन म्हातारीच्या हातात ठेवली.

“काय लिवलंय?”

“पाणी वाईट आहे. आणि आधीचे माझे कागद धरू नका.”

तिने कागद दुमडून कमरेला खोचला आणि शेजारच्या घराकडे चालू लागली. “चला,” ती म्हणाली, “तुमी बी या. तोंडानं सांगा.”

मी तिच्या मागे गेलो. एकोणीस घरं होती. सगळ्या घरांत सांगितलं.