एका घरातून गेलेले दोन अर्ज

कल्याणात पारनाक्याजवळच्या आमच्या घरी आम्ही दोघी सुना. मी थोरली. धाकटी जाऊ पुण्यास राहून मास्तरणीची परीक्षा देऊन आलेली. दीर आगगाडीच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांनीच हट्टाने तिला शिकवले. संध्याकाळी ती दोघे माडीवर पुस्तक वाचत बसत आणि मी खाली चुलीपाशी भाकरी थापत त्यांचे आवाज ऐके. ती पायांत जोडा घालून रस्त्याने जाई. आळीतल्या बायका नावे ठेवत, आणि मीही त्यांच्यात सूर मिळवी. पण मनातून मला तो जोडा हवा होता. माझ्या सासूबाईदेखील पाहुण्यांना सांगत, "धाकटी शिकलेली आहे हो आमची." थोरलीविषयी सांगण्यासारखे त्यांना काही सुचत नसे.

मला अक्षरओळख नव्हती असे नाही. आमचे यजमान मामलेदार कचेरीत अर्जांच्या नकला करीत. लग्नानंतर त्यांनी मला हौसेने बाळबोध आणि मोडी दोन्ही शिकवली. पुढे त्यांचे डोळे अधू होत गेले आणि शेवटी दिसायचेच बंद झाले. नोकरी सुटली, घर दिरांच्या पगारावर चालू लागले. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. दुपारी ओटीवर शेजारच्या चारदोन पोरी पाट्या घेऊन येत, त्यांना मुळाक्षरे गिरवायला देई. याला कोणी शिकवणे म्हणत नसे. पोरी थोरलीकडे खेळायला जातात, एवढेच म्हणत.

एके दिवशी जेवताना दिरांनी बातमी सांगितली. गावातल्या मुलींच्या शाळेत खालच्या वर्गाला मास्तरीण नेमायची आहे, ठाण्यास शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांकडे अर्ज करायचा. हे त्यांनी बायकोकडे पाहून सांगितले. मी आमटी वाढत होते. अर्ज कधीपर्यंत घेतात, एवढे मी विचारले, पण त्यात कोणाला काही वाटले नाही.

यजमानांना मात्र माझा स्वर ऐकूनच कळले असावे. दुपारी म्हणाले, "तूही अर्ज कर."

मग त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. गरीबपरवर, हुजूरचरणी शरण, पती अंध, पदरी लेकरे, दया व्हावी. जन्मभर असेच अर्ज उतरवून काढलेले, त्यामुळे शब्द कसे धो धो येत होते. मी अर्धे पान लिहिले आणि बोरू खाली ठेवला. विचारले, "इकडून इतक्या अर्जांच्या नकला झाल्या. त्यांतले असे रडणारे मंजूर किती झाले?"

त्यांनी बोटांवर काही मोजून पाहिले. मग म्हणाले, "फारसे नाही. साहेब पहिल्या दोन ओळी वाचतो. त्यांत माणसाला काय हवे आणि त्याला काय येते हे सापडले, तर पुढचे वाचतो."

आम्ही नव्याने लिहायला घेतले. मी लिहिले की मला अमुक जागा हवी आहे. ओटीवर पोरी येतात, कारण त्यांना धाकटी भावंडे सोबत आणू देते. नाहीतर आया त्यांना घराबाहेर सोडत नाहीत. या पोरींतल्या दोघी आता मामाला स्वतः पत्र लिहितात. मला इंग्रजी येत नाही आणि हिशेब त्रैराशिकापर्यंतच येतो. या वाक्यावर यजमान अडले. आपले उणे आपण का सांगावे, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, समोर बसवून विचारतील तेव्हा सांगावे लागेलच. अर्ज एका पानात संपला.

धाकटीने आपला अर्ज आम्हा सर्वांना वाचून दाखवला. काय ती भाषा! स्त्रीशिक्षण, देशाची उन्नती, अज्ञानाचा अंधकार. अक्षर तर मोत्यांसारखे. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. माझे घरगुती भाषेतले पान मला एकदम चिंधीसारखे वाटू लागले. पण यजमानांनी ते टपालात टाकायला पाठवूनही दिले होते.

ठाण्यास दोघींनाही बोलावणे आले. दीर आम्हांला घेऊन गेले. तळ्याकाठच्या एका बंगल्यात साहेब बसले होते, आपल्यातलेच पागोटेवाले गृहस्थ. त्यांनी धाकटीला विचारले, नोकरी का करायची. तिने अर्जातलेच सुंदर वाक्य म्हटले. मग माझ्याकडे वळून विचारले, "पोरी भावंडे घेऊन येतात, मग शिकवणे होते कसे?"

"झोळी बांधते," मी म्हटले. "मूल निजले की पोर पाटी घेते. रडले तर सगळ्याजणी कविता म्हणतात. मग तेही गप्प होते."

साहेबांनी मान हलवून आम्हांला निरोप दिला. परतताना वाटभर मी धाकटीच्या जोड्याकडे पाहत होते. जागा तिचीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

नेमणूक माझी झाली. दिरांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्या हाती दिला. त्या संध्याकाळी माडीवरून वाचण्याचा आवाज आला नाही. आळीतल्या बायका तिचे समाधान करायला आल्या. सासूबाईंनी तिचे मन रमावे म्हणून शिरा केला. नोकरी मला मिळाली आणि शिरा तिच्यासाठी झाला, हे मला फार लागले. जिंकूनही हेवा वाटू शकतो हे तेव्हा कळले.

वर्षभराने ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मुख्य बाईंची जागा निघाली. धाकटी स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी पाटावर बसली आणि भाजी निवडू लागली. मग म्हणाली, "जाऊबाई, माझ्या अर्जात काय चुकले होते?"

मला नाही बाई कळत, असे म्हणता आले असते. मी म्हटले, "बायकांची उन्नती साहेबाला ठाऊक आहे. तुझ्याविषयी त्याला काही ठाऊक नव्हते."

ती खाली बघत म्हणाली, "तो मी लिहिलाच नव्हता. माडीवर बसून इकडून सांगणे झाले, मी नुसता चांगल्या अक्षरात उतरवला. तुमच्या पानात तुम्ही होता. तुम्हाला आपले म्हणणे असते, आणि घरात ते ऐकून घेतात. मला त्याचाच राग येई."

तिला माझा हेवा वाटावा, हे माझ्या कधी स्वप्नातही नव्हते.

मग आम्ही दोघींनी बसून तिचा अर्ज केला. पुण्यास शिकताना, मंद म्हणून मागे बसवलेल्या मुलींना ती चिंचोके मांडून बेरजा शिकवी. हे तिने आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. मी तेच वर घालायला लावले. जागा तिला मिळाली. त्या दोघांचे ठाण्यास बिऱ्हाड झाले.

पुढे एकदा माझ्याच वर्गाची परीक्षा घ्यायला साहेबांनी तिला पाठवले. ती खुर्चीवर बसली आणि मी फळ्यापाशी उभी राहिले. ती मला जाऊबाई न म्हणता बाई म्हणाली. कानशिले तापली माझी. मुली मात्र न अडखळता वाचत गेल्या. तिने शेऱ्यात तसे स्पष्ट लिहिले.

हेवा गेला का, असे नाती विचारतात. नाही गेला. तिचे नाव कोणी कौतुकाने काढले की अजून घास अडतो. पण त्यानंतर तिने जो जो अर्ज केला तो आधी माझ्याकडे वाचायला आला, आणि मी तो दरवेळी नीट करून परत पाठवला.