मनगटाशी जुळणारा फोटो

शहरातल्या झाडून सगळ्या लॅबवाल्यांनी फोटोग्राफर आत्याला ‘मनगटवाल्या बाई’ असं नाव पाडलं होतं. प्रिंट हातात आली की ही बाई बाही वर सारायची आणि उजेडात जाऊन फोटोशेजारी आपलं मनगट धरायची.

मनगट काळं होतं. उगाच सावळंबिवळं नाही, चांगलं ठसठशीत काळं, आणि आत्याला त्याची लाज नव्हती. लाज वाटायला हवी होती तिच्या भिंतीवरच्या फ्रेमला. तिच्या विशीतला एकुलता एक फोटो त्यात होता, आणि स्टुडिओवाल्यानं हौसेनं तिला इतकी गोरीपान करून ठेवली होती, की येणारा-जाणारा विचारायचा, “ही कोण?”

“कोण जाणे, फ्रेमबरोबर आली,” आत्या म्हणायची.

पुढे तिनं जन्मभर लोकांचे फोटो काढले, पण एकाही चेहऱ्याचा रंग बदलू दिला नाही. हट्टी तर खरीच, पण असा हट्ट करायलाही छाती लागते.

या खेपेला फोटो होता भाचीचा. रंगानं पोरगी थेट आत्यावर गेलेली. घरातल्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी पाठीमागे लपलेली असायची. नाना मिनतवाऱ्या करून आत्यानं तिला खिडकीपाशी बसवलं, तेव्हा तिनं अट घातली, “चांगली दिसले तर लाव. नाहीतर माझ्यासमोर फाडायचा, आणि पुन्हा माझ्यावर कॅमेरा रोखायचा नाही.”

घराजवळचा लॅबवाला खूश होऊन म्हणाला, “बाई, चेहरा उजळून दिलाय. त्याचे वेगळे पैसे नाहीत हो!”

“मग परत काळा करायचे किती घ्याल?” आत्या म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

दुसरं दुकान काचेचं, थंडगार. कागद उंची, पण पोरगी विटेसारखी लाल. “मशीनच तसं आहे,” मालक म्हणाला.

“मशीनला तोंड नाही म्हणून सगळं त्याच्यावर ढकलताय होय?”

तिसरी लॅब बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, तळघरात. तिथलीही पहिली प्रिंट फसली. पण जाड चष्म्याच्या त्या माणसानं वाद घातला नाही. “बाई, हात द्या जरा,” म्हणत तो तिला वर उन्हात घेऊन गेला आणि स्वतःच प्रिंट तिच्या मनगटाला लावून पाहिली. खाली येऊन त्यानं मशीनचं आपोआप उजळणं बंद केलं, आणि चकचकीत कागद गालावर पांढरी तिरीप मारत होता म्हणून बिनचमकीचा घेतला. पुन्हा प्रिंट, पुन्हा ऊन. शेवटी गाल आणि मनगट एक झालं, आणि काळे केससुद्धा मागच्या अंधारातून सुटे दिसायला लागले.

“हे घ्या. आता तक्रार असेल तर देवाकडे करा.”

आत्यानं वर सारलेली बाही खाली ओढली.

घरी येऊन तिनं फोटो भाचीसमोर ठेवला. पोरगी कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं फोटोचा कोपरा चिमटीत धरला. आता फाडते, असं वाटून आत्यानं मान वळवली.

“आत्या, माझ्याएवढी असताना तू अश्शीच दिसायचीस?”

आत्यानं भिंतीवरच्या त्या गोऱ्या पाहुणीकडे पाहिलं. “हो गं,” ती म्हणाली. “अगदी अश्शीच.”

भाची खुर्चीवर चढली आणि तिनं पाहुणीला खिळ्यावरून खाली उतरवलं.