भागीरथाबाईंचा व्हिसा आणि ऐनावरची लेकरे

सावली तालुक्यात भाताच्या बांध्या जिथे संपतात आणि ऐन-अर्जुनाचे रान सुरू होते, तिथे भागीरथाबाई कोसा पिकवतात. कोसा म्हणजे रानातले रेशीम. प्राचीनांनी ज्याला ‘कौशेय’ म्हणून गौरविले, ते वस्त्र अशाच कोशांतून निघे. भागीरथाबाईंच्या ढीवर समाजात हे काम पिढीजात. आषाढात अंड्यांतून नखाएवढे जीव बाहेर येतात. भागीरथाबाई त्यांना ऐनाच्या कोवळ्या पानांवर चढवतात आणि पुढचा महिना-सव्वा महिना त्या व त्यांचे यजमान मुखरूभाऊ झाडांखालीच वास्तव्य करतात. पाखरे हाकायची, मुंग्यांच्या वाटा अडवायच्या, पाला सरला की जिवांना अलगद दुसऱ्या झाडावर न्यायचे, असा तो नित्यक्रम.

या काळात त्यांच्या घरी एक शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक आहे. तो शब्द म्हणजे ‘अळी’. ‘किडा’ तर त्याहून वर्ज्य. त्यांना ‘लेकरं’ म्हणायचे. नाव चुकले तर लेकरे रुसतात आणि पाला सोडून खाली पडतात, असे सासूबाईंनी भागीरथाबाईंना लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावले होते. झाडाखाली मोठ्याने बोलायचे नाही आणि लेकरे मोजायची नाहीत, हेही त्याच उपदेशातले. शास्त्रज्ञ यावर हसतील. पण शब्दांचा कोश रचणारा पंडित आणि रेशमाचा कोश विणणारा हा जीव, दोघांनाही संस्कृताने ‘कोशकार’ हे एकच नाव दिले आहे, हे ज्यांना ठाऊक आहे ते सहसा हसणार नाहीत. भागीरथाबाईंना स्वतःचे मूलबाळ नाही. तेव्हा या एका शब्दात त्यांचे काय काय सामावले असेल, ते वेगळे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी जपानमधून एक संशोधक बाई कोशांचा अभ्यास करायला आल्या. आठ दिवस राहिल्या, आणि निघताना त्यांनी भागीरथाबाईंच्या हातावर आपल्या देशातला एक रानकोश ठेवला. तो हिरवा होता. रंगवलेला नव्हे, जन्मतःच हिरवा, ऐनाच्या पालवीसारखा. आपल्याकडचा कोश पिवळसर, करडा, फार तर मधासारखा. पन्नाशी उलटलेल्या, तीस वर्षे मांडीवर कोशाचा धागा वळत आलेल्या या बाईने तो हिरवा कोश कितीदा उन्हाकडे धरून पाहिला असेल, त्याची गणती नाही. धागा सुटावा म्हणून राखेच्या पाण्यात उकळला, तर हिरवा रंग राहील की उडेल? धागाही हिरवाच निघेल काय? हातात कोश एकच, म्हणून प्रयोग करण्याचे धैर्य होईना. अखेर यंदा त्या संशोधक बाईंच्या खटपटीने डोंगरातल्या एका गावाच्या सूतकेंद्राचे निमंत्रण आले: श्रावणात तीन आठवडे या, आमचा हिरवा धागा पाहा, तुमची मांडीवर वळण्याची रीत आम्हाला दाखवा.

सावली गावात ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र चालवणारी तहसीन ही भागीरथाबाईंना मावशी म्हणते. पासपोर्टपासून व्हिसाच्या अर्जापर्यंत सारे तिनेच निगुतीने केले. मुलांच्या रकान्यात तिने शून्य लिहिले, आणि ते यथार्थच होते. पुढे दूतावासाने प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावले, त्याच दिवशी दुपारी तिथल्या सांस्कृतिक दालनात धाग्याचे प्रात्यक्षिकही ठेवले. तेव्हा दुकानाला चार दिवस कुलूप लावून तहसीन मावशीबरोबर निघाली.

बल्लारशाहून दिल्लीपर्यंत भागीरथाबाई खिडकीपासून हलल्या नाहीत. कोणत्या प्रांतात ऐन आहे आणि कोणत्या प्रांतात नाही, एवढेच त्यांचे प्रवासवर्णन होते. तहसीन मात्र साऱ्या वाटेने त्यांची उजळणी घेत होती. अर्जात एक आणि तोंडी दुसरे झाले, की व्हिसा गेलाच समजा, हे तिने तीनदा सांगितले. “पुसलं तेवढंच सांगा, मावशी. अन् खरं सांगा.”

“खोटं कोन सांगते वो?” भागीरथाबाई म्हणाल्या. “मले त खोटं सुचतच नाई. सुचलं असतं त आतालोक सरपंच झाली असती.”

दूतावासाचे आवार त्यांना देवळासारखे वाटले. झाडलोट तशीच, शांतताही तशीच. फक्त पादत्राणे काढायला कोणी सांगेना, म्हणून त्या जराशा संकोचल्या. तहसीनला बाहेरच्या दालनात थांबावे लागले. आत काचेपलीकडे एक प्रौढ जपानी अधिकारी आणि शेजारी दुभाषी बाई, मूळच्या पुण्याच्या. आपली भाषा समजणारे माणूस भेटले म्हणून भागीरथाबाईंना कोण आनंद झाला. निमंत्रण कोणाचे, राहणार कुठे, काय करणार, ही उत्तरे त्यांनी खणखणीत दिली. हिरव्या कोशाविषयी बोलताना तर त्या उभ्याच राहिल्या.

मग अधिकाऱ्यांनी तो प्रश्न विचारला, जो अशा ठिकाणी सर्वांनाच विचारला जातो. दुभाषी बाईंनी तो मराठीत सांगितला: तुम्ही परत येणारच, याची खात्री काय?

“वापस त येनंच पडते, बाई,” भागीरथाबाई म्हणाल्या. “लेकरं टाकून आली न मी घरी.”

बाईंनी भाषांतर केले. अधिकाऱ्यांनी अर्जावर नजर टाकली, ती मुलांच्या रकान्यावर थांबली. मुले किती, असा पुढचा प्रश्न आला.

“मोजू नाई त्याइले. आठेक हजार असतील.”

दुभाषी बाईंना वाटले, ऐकण्यात चूक झाली. “आठ?”

“आठ हजार.”

काचेपलीकडे अर्जाची पाने पुन्हा चाळली गेली. मग अधिकारी शांतपणे काही बोलले, आणि बाईंनी ते जपून उलगडले. अर्जात मुले नाहीत असे लिहिले आहे, तुम्ही सांगता ते वेगळे आहे. खरे काय ते स्पष्ट झाल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ शकणार नाही.

तहसीनचे तिन्ही इशारे भागीरथाबाईंना एकदम आठवले. उत्तर सोपे होते, दोन अक्षरांचे. ते उच्चारले की दुभाषी बाई हसल्या असत्या, गैरसमज फिटला असता आणि डोंगरातल्या त्या गावाची वाट मोकळी झाली असती. पण इकडे आषाढ संपत आला होता, लेकरे नुकतीच पहिली कात टाकून ऐनावर बसली होती, आणि चार दिवस मुखरूभाऊ एकटे त्यांच्या पहाऱ्याला होते. दिल्लीहून रान शेकडो कोस दूर, हे खरे. पण उच्चारलेले नाव किती दूर जाते, हे कोणी मोजले आहे? हिरवा धागा एकीकडे आणि सासूबाईंचा शब्द दुसरीकडे.

“दोन्ही खरं हाये,” त्या अखेर म्हणाल्या. “पोटचं एकही नाई, तेच लिवलं हाये. ही झाडावरची हायेत. त्याइचं दुसरं नाव हाये, पन ते मी सध्या घेत नाई. घरी धाडाल त घरी जाइन, पन नाव घेनार नाई.”

दुभाषी बाईंनी दोनदा समजावून पाहिले. तेव्हा भागीरथाबाईंनी आपला उजवा हात कोपरापासून फळीवर आडवा ठेवला. मनगट हळूच उचलले, बोटे मिटून पुढे झुकवली, आणि तो हात अंगाच्या घड्या घालीत, पसरीत फळीवरून चालू लागला. मध्येच थांबे, माथा वर करून स्तब्ध होई, जणू ध्यानस्थ. मग डाव्या हाताच्या पंजाचे पान झाले आणि उजवा हात ते कडेकडेने, वरून खाली, खात सुटला. नखांनी त्यांनी फळीवर बारीक आवाज काढला: पत्रावळीवर चिमूटभर तांदूळ सांडावेत तसा. हजारो मुखे पाला खातात तेव्हा रान असेच वाजते.

अधिकाऱ्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. ते हसले नाहीत. जरा पुढे झुकून त्यांनी एक शब्द उच्चारला, मग पुन्हा एकदा, अधिक हळू: “ओ-काइको-सामा.”

दुभाषी बाईंनाही हा शब्द नवा होता. त्यांनाच आधी अर्थ विचारून घ्यावा लागला. अधिकाऱ्यांची आजी डोंगरातल्या गावी घराच्या माडीवर रेशमाचे असेच जीव पाळीत असे. जिन्यावर नातवंडांनी आवाज करायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद. तिनेही त्यांना कधी नुसत्या नावाने हाक मारली नाही. नावाच्या आधी आदर, नावाच्या नंतर आदर, असे ते संबोधन होते.

“म्हंजे आमच्याइथी लेकरं, अन् तुमच्याइथी साहेब,” भागीरथाबाई म्हणाल्या. हे मात्र भाषांतरित होताच अधिकारी मनापासून हसले. अर्जातले शून्य तसेच राहू द्यावे असे सांगून त्यांनी समासात स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. निर्णय आठवड्याभरात कळेल, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पदाला तेच शोभणारे होते.

दुपारी सांस्कृतिक दालनात भागीरथाबाईंनी चटई पसरली, लुगडे गुडघ्यापर्यंत सारले आणि भिजलेल्या कोशांतून धागा काढून मांडीवर वळायला घेतला. अधिकारी जेवणाच्या सुट्टीत आले आणि कोट घडी करून चटईच्या कडेला बसले. त्यांना तो तंतू बोटाला लावून पाहायचा होता. भागीरथाबाईंनी त्यांचा हात धरून धाग्यावर ठेवला. आजीच्या माडीवरचा धागाही हाताला असाच लागे, असे ते दुभाषी बाईंना म्हणाल्याचे तहसीन सांगते.

सहाव्या दिवशी कुरिअर सावलीला पोचले. तहसीनने दुकानातच पाकीट फोडले आणि स्कूटी थेट रानाकडे काढली. ऐनांच्या रांगेपाशी तिने गाडी बंद केली, धावत आत शिरली, आणि ओठांवर आलेली आरोळी तिने तिथेच गिळली. झाडाखाली आरोळीला मज्जाव. तेव्हा तिने पासपोर्ट दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला आणि जागच्या जागी नाचू लागली. भागीरथाबाईंनी हात लुगड्याला पुसले, व्हिसाचे पान पाहिले, त्यावरचा आपला फोटो पाहिला, आणि दोघी एकमेकींचे खांदे धरून एकही शब्द न काढता हसत राहिल्या.

“लागला?” मुखरूभाऊंनी दबक्या आवाजात विचारले.

“लागला. तीन आठवडे तुमी एकटेच. अन् खर्र्याचा वास लेकराइले चालत नाई, ध्यानात ठेवा.”

मुखरूभाऊंनी खिशातली खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी काढली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि ती तहसीनच्या हातावर ठेवली. मग ओढ्यावर जाऊन त्यांनी खळखळून चूळ भरली, पाखरे हाकायची गुलेल उचलली आणि ते पलीकडच्या ऐनाखाली जाऊन बसले.