ढोलीमागची ऊब

सुनेनं जिन्याखाली गादी टाकली, उशा रचल्या. "आई, इंग्रजीत याले नूक म्हणतेत. ऊबदार कोपरा, निवांत बसाले." मी वाकून आत शिरले आणि नाकात मोहफुलांचा वास दाटला. गादी तर कोऱ्या कापसाची होती.

इंग्रजांच्या काळातला उन्हाळा. देवरीकडच्या आमच्या घराच्या आवारात भरदुपारी अस्वल शिरलं. मायनं मला धान साठवायच्या ढोलीमागं, कुडाच्या भिंतीलगतच्या सांदीत ढकललं. "हालू नोको," म्हणाली आणि दाराला पाठ लावून बसली. सांदीत अंधार होता, ऊब होती. वाळल्या मोहफुलांच्या ढिगावर मी अंग चोरून बसले. आता काही होणार नाही, असं वाटलं.

मग पाठीमागं, कुडाच्या पलीकडं, कोणी तरी जोरजोरात हुंगू लागलं. नखांनी माती खरवडली जाऊ लागली.

अस्वल गावात मोहासाठी येतं, हे आमच्याकडं लहान पोरही सांगतं. भीतीपोटी माय नेमकं तेच विसरली होती.

डबे वाजवत माणसं धावून आली, तेव्हा ते गेलं. कुडाला पडलेल्या भोकातून उन्हाचा कवडसा माझ्या मांडीवर पडला होता.

"आई, टेकून बसा ना," सून म्हणाली.

मी बसले. पाठ मात्र भिंतीला लावली नाही.