वडाळ्याच्या चढावर स्कॅनर लागला तेव्हा

भूत, करणी, अंगात येणं… या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. आजही मानत नाही. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्तात जे सापडतं ते रिपोर्टवर येतं, जे सापडत नाही ते येत नाही — इतका साधा माझा हिशोब. म्हणूनच हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले.

आमची गाडी जुनी, डिझेलवर चालणारी. तिचा पिवळा इंजिन लाईट सारखा लागायचा. तो लागला की गाडीची ताकदच जायची, ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती बैलगाडीसारखी सरकणार. श्रीकांतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गॅरेजच्या चकरांना कंटाळून एक छोटा स्कॅनर ऑनलाईन मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये त्याची वायर खुपसायची, चावी फिरवायची, स्क्रीनवर एरर येतो, तो ‘इरेज’ करायचा. लाईट जातो, गाडी पुन्हा पळते. मला त्यात तापावर गोळी देण्यासारखं वाटायचं. ताप उतरतो, पण रोग तसाच राहतो. तरी मीही दोन-तीनदा ते केलं होतं, त्यामुळे हात बसला होता. एक गोष्ट आधीच सांगते : त्या स्कॅनरला स्वतःचा सेल नाही. गाडीच्या सॉकेटमधून करंट मिळाला, तरच तो चालू होतो.

उन्हाळ्यात मी गाडी घेऊन एकटीच माहेरी गेले होते. माहेर वैरागजवळच्या एका खेड्यात. श्रीकांत कामासाठी पुण्याला होता. भर दुपारी दादा, माझा मोठा भाऊ, विहिरीकडे गेला आणि तिथल्या चिंचेवरचं आग्या मोहोळ उठलं. घारीनं पोळ्यावर झडप घातली म्हणतात. लोकांनी त्याला घोंगड्यात गुंडाळून आणलं, तेव्हा त्याचे डोळे दिसत नव्हते, इतका चेहरा सुजला होता. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सोलापूरला हलवा. आत्ताच. घसा आतून सुजला तर माझ्याकडं काहीच साधन नाही.”

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. दारात गाडी होती ती माझीच.

दादाला मागच्या सीटवर निजवलं, त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर. वैराग सुटलं आणि लाईट लागला. गाडी मेल्यासारखी झाली. मी कडेला घेतली, डॅशबोर्डच्या कप्प्यातून स्कॅनर काढला, लावला. स्क्रीन पेटली, एरर आला, इरेज केला. निघालो. जरा पुढं गेलो तर पुन्हा लाईट. पुन्हा थांबले, पुन्हा इरेज. वहिनी मागून रडकुंडीला आलेली.

“वन्सं, सारखं का थांबताय वो? ह्यांच्या गळ्यातनं शिट्टीवानी आवाज येतोय की!”

मला तो आवाज ऐकू येत होता. बाकी काहीच ऐकू येत नव्हतं.

वडाळ्याच्या अलीकडे एक चढ आहे. तिथं गाडीनं दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. चावी फिरवली… नुसता स्टार्टर फिरतोय. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मी बाहेर पळाले, रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात केले. एक टेम्पो बाजूनं निघून गेला. एक जीप थांबली, ड्रायव्हरनं आत डोकावून दादाचा चेहरा पाहिला आणि “मागनं कुणीतरी येईल बगा” म्हणत गेला. डांबर तापून पायाला चटके बसत होते. चप्पल कुठं गेली, ते मला आजही माहीत नाही.

परत गाडीत शिरले. दादाचे ओठ काळपट झाले होते. वहिनी त्याच्या गालावर थापट्या मारत होती, “आवं, श्वास घ्या की… घ्या की वो…”

मी स्कॅनर खुपसला. स्क्रीन पेटली. या खेपेला एकही एरर नव्हता. इंजिन बंद, आणि स्कॅनर म्हणतोय बिघाड नाही! मी तरी इरेज दाबलं. पुन्हा दाबलं. मी ओरडत होते, कुणाला ते माहीत नाही — “सुरू हो ना… सुरू हो ना गं बाई…” बहुतेक गाडीलाच. मग चावी फिरवली आणि इंजिन लागलं. एका झटक्यात.

त्यानंतर हॉस्पिटलच्या दारापर्यंत लाईट लागला नाही. स्कॅनर तसाच लोंबकळत होता, स्क्रीनचा उजेड माझ्या गुडघ्यावर पडत होता. दादाला आत नेलं, घशात नळी घातली. बाहेर बाकावर वहिनी आणि मी, एकमेकींचा हात धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत आला. दादा अजून आयसीयूतच होता. मी रस्त्यात काय काय झालं ते सांगत होते. स्कॅनरचं ऐकून तो मध्येच म्हणाला, “स्कॅनर कसा लागेल? मागच्या आठवड्यात हॉर्नचा फ्यूज उडाला, तेव्हा त्या सॉकेटचाच काढून मी हॉर्नला लावला. नवीन आणायचा राहिलाय.”

“अरे, मी तीनदा लावला! वहिनीला विचार.”

“लाईट लागली हुती की,” वहिनी म्हणाली. “हिरवट. मी बघितली.”

आम्ही पार्किंगमध्ये गेलो. काल हॉस्पिटलला पोचल्यापासून चावी माझ्या पर्समध्येच होती, गाडीला कुणी हात लावला नव्हता. श्रीकांतनं फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून दाखवलं. सॉकेटच्या फ्यूजची खाच रिकामी होती. स्कॅनर लावला, चावी फिरवली… स्क्रीन काळी. हलवून पाहिलं, काढून घातला. काहीच नाही. श्रीकांतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाला, “अगं, एवढ्या टेन्शनमध्ये माणसाला काहीही वाटतं. गाडी आपोआप सुरू झाली असेल.”

मी रडले. राग आला म्हणून.

मग त्यानं समोरच्या दुकानातून फ्यूज आणला, बसवला. आता स्कॅनर पेटला. श्रीकांत बटणं दाबत पुढंपुढं जात होता आणि एका ठिकाणी थांबला. शेवटचं इरेज केल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे गाडी स्वतः लक्षात ठेवते. मला ते ठाऊक नव्हतं. श्रीकांतनं स्वतः शेवटचं इरेज केलं होतं पुण्याला जायच्या कितीतरी आधी, आणि त्यानंतर मी माहेरी गेले, गावात फिरले, एवढा रस्ता आले. आकडा मोठा यायला हवा होता. स्क्रीनवरचा आकडा लहान होता. त्यानं मोबाईलवर वडाळ्याच्या चढापासून हॉस्पिटलपर्यंतचं अंतर काढलं, दोन्ही आकडे शेजारीशेजारी धरले. सारखेच होते. तो गाडीच्या पायरीवर बसला.

दादा वाचला. आवाज घोगरा झालाय, पण शेतात जातो. गाडीचा डिझेल पंप बदलला. श्रीकांतनं ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारलं, तर तो म्हणाला, “लूज काँटॅक्ट असेल.” रिकाम्या खाचेत लूज काय असणार? दुसरा म्हणाला, आकडा योगायोग असेल. असेलही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला गाडीच्या वायरिंगमधलं कळत असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. फक्त भास झाला असेल असं म्हणू नका. त्या चढावर दादाची छाती हलतेय की नाही, हे मी आरशातून बघत होते… तितक्या लक्षपूर्वक मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.